शनि-रवि मुंबईहून गाडीने: लाइटहाऊस आणि समुद्राकाठचं जंगल, रूट सुचवा

मुलुंडकरीण:
पुढच्या शनिवारी-रविवारी निघायचंय, आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलाला सध्या लाइटहाऊसचं वेड लागलंय, दिवसभर यूट्यूबवर तेच, त्यामुळे नुसतं लांबून बघून चालणार नाही, वर चढायला मिळालं पाहिजे. नवऱ्याला जंगल, पक्षी असं काहीतरी हवंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना चढउतार नको पण समुद्र हवा. माझ्या डोक्यात अलिबाग, मग दिवेआगर, वेळासला कासवं, आणि जमलं तर गुहागरजवळचं टोळकेश्वरचं दीपगृह असं आहे. दोन दिवसांत होईल का? प्लीज लवकर सांगा, राहायचं बुकिंग करायचंय.

चौलचा_जावई:
ताई, आधी गुहागर काढून टाका. दोन दिवसांत टोळकेश्वर केलंत तर लेकराला लाइटहाऊसपेक्षा गाडीची मागची सीटच जास्त आठवेल. एकच पट्टा घ्या, मांडवा ते मुरूड, आणि तो नीट बघा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, गाडी टाका, तासाभरात मांडवा, वडखळचं ट्रॅफिक नाही, आणि मुलाला बोटीच्या डेकवरून बंदरातली दोन-तीन दीपगृहं दिसतात ती वेगळीच. शनिवारची सकाळची फेरी मात्र आधीच ऑनलाइन बुक करा, गाड्यांची जागा भरते.
वर चढायचं असेल तर कोर्लई. रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडला की कोर्लई गाव, त्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने अरुंद रस्ता थेट दीपगृहापर्यंत गाडी नेतो, म्हणजे आजी खाली बसून समुद्र बघतील आणि तुम्ही वर. थोडं तिकीट असतं. शक्यतो दुपार कलल्यावर जा, आणि त्या दिवशी उघडं आहे का ते गावात कोणालाही विचारा. मागूनच पोर्तुगीजांच्या किल्ल्यावर पायऱ्या जातात, किल्ल्यावरून एका बाजूला खाडी आणि एका बाजूला उघडा समुद्र. गावातले ख्रिस्ती लोक घरात अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली बोलतात, कान देऊन ऐका, गंमत वाटते.

खाडीकाठी:
जंगलासाठी फणसाड. काशीद-मुरूडच्या मागच्या डोंगरावर आहे, पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 साली अभयारण्य झालं, साधारण 70 चौरस किमी. सुपेगावच्या बाजूने आत जायचं. नवऱ्याला सांगा बिबट्याच्या आशेने जाऊ नका, शेकरू बघा. मान वर करून शांत उभं राहायचं, फांद्या हलतात तिथे बघायचं, पानांचं मोठं घरटं दिसलं की आसपास असतंच. आत नैसर्गिक पाणवठे आहेत, त्यांना तिकडे गाण म्हणतात, चिखलगाण वगैरे, उन्हाळा जवळ आला की प्राणी-पक्षी तिथेच गोळा होतात. रविवारी उजाडताच आत शिरलात तर मजा, दहानंतर गेलात तर फक्त घाम.

मुलुंडकरीण:
अरे वा, हे मस्त आहे. पण दिवेआगर-वेळास अगदीच सोडायचं का? कासवांचं मुलाला प्रॉमिस केलंय...

मंडणगडकर_७७:
वहिनी, मॅपवर टाकताना सांभाळा, वेळास दोन आहेत. दिवेआगरजवळचं वेळास-आगर रायगडात, त्याच बाजूला नानवेलचं दीपगृह आहे. कासवांचं वेळास आमच्या मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्हा, मधे सावित्रीची खाडी, बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने यावं लागतं. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, तीही त्या दिवशी घरट्यातून बाहेर आली तरच समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे कासवांसाठी वेगळा शनि-रवि काढा, गावातच घरगुती राहायचं. आत्ता कोंबू नका.

बोरीवली_बाय_नाइट:
मी जरा उलटं सांगतो. अलिबाग-काशीद शनि-रवि म्हणजे जत्रा, काशीदला पार्किंगवरून भांडणं बघायची असतील तर जा. अटल सेतूने निघा, 250 च्या आसपास एकेरी टोल आहे, मुरूडपर्यंत सरळ जा, आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घाला आणि दिघीला उतरून मुक्काम दिवेआगरला. गर्दी कमी, सुपारीच्या बागा, उकडीचे मोदक. येताना कोर्लई करा.

चौलचा_जावई:
@बोरीवली गर्दीचं बरोबर आहे, पण येताना कोर्लई म्हणजे रविवारी संध्याकाळी कोर्लई, म्हणजे मुलुंडला पोचायला मध्यरात्र. सोमवारी शाळा आहे त्या पोराला. मुक्काम रेवदंडा-चौल नाहीतर नांदगावला करा, काशीदला नको, एवढंच.

मुलुंडकरीण:
पटलं. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं म्हणतात ते सासूबाईंना जमेल का? आणि ओहोटी कधी ते कसं कळणार?

थळचा_नाखवा:
सोप्पं आहे ताई. कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिला पाऊणने गुणायचं, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती, त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. पुढच्या शनिवारी षष्ठी आहे, सहा पाऊणे साडेचार, म्हणजे साडेचारला भरती आणि सकाळी पावणेअकराच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा. सकाळच्या रो-रोने आलात तर बरोब्बर वेळेत अलिबाग. पण सप्तमी-अष्टमीजवळ भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी उधाणासारखं लांब जात नाही, घोटाभर-गुडघाभर राहू शकतं, म्हणून आजींना घोडागाडीत बसवा, किनाऱ्यावर उभ्या असतात. साडेअकराला बाहेर पडायला लागा, गणपतीच्या देवळात रेंगाळू नका, पाणी फिरलं की गाडीवाले घाई करतात ते उगाच नाही.
थळसमोरच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह 1867 चं, किल्ला महाराजांनी 1679 ला बांधायला घेतलेला, बेटावर वेताळाचं देऊळ, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. आमच्या थळहून होडी ठरवून जातात. पण होडीत चढउतार आहे, आजींना घेऊन नको. बापलेक दोघंच आले तर अर्धा दिवस हातात ठेवून या.

खाडीकाठी:
आणि मुंबईतल्या कुलाब्याचं प्राँग्स दीपगृह, 1875 चं, तिथे नेव्हीचा एरिया आहे, परवानगीशिवाय सोडत नाहीत. मुलाला आशा लावू नका. फ्लेमिंगो बघायचे असतील तर त्यासाठी एवढं लांब कशाला, तुम्हाला ऐरोली पुलापलीकडेच बोटीतून दिसतात, नोव्हेंबर ते मे कधीही, बोटीची वेळ भरतीवर ठरते, बुकिंग करून जा.

मुलुंडकरीण:
डन. शनिवारी रो-रो, कुलाबा किल्ला, जेवण, दुपारनंतर कोर्लई, मुक्काम नांदगाव, रविवारी पहाटे फणसाड. नवरा म्हणतोय परतताना अटल सेतू, मी म्हणतेय वडखळला अडकलो तर त्याने काय होणार. नांदगावात मासे चांगले करणारं घरगुती कोणी माहीत असेल तर सांगा, सासूबाई शनिवारी शाकाहारी आहेत हे लक्षात ठेवून 😄

चौलचा_जावई:
आजींना शनिवारी वालाचं बिरडं आणि सोलकढी, रविवारी दुपारी पापलेट. घराचा नंबर मेसेजमध्ये पाठवतो, पण जेवण आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं हं, आयत्या वेळी फक्त ऑम्लेट मिळतं.