विमान पडलं, मग काय केलंत?

रिमोटवर विमानं उडवणाऱ्यांनो, आपापली पडझड इथे लिहा. 'पडलं, चिकटवलं' एवढ्यावर थांबू नका. का पडलं ते कसं शोधलंत, हेही सांगा. सुरुवात मी करतो.

माझं ट्रेनर (नवशिक्यांचं विमान) होतं, दोन्ही एलेरॉनना (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिळून एकच सर्व्हो (त्या हलवणारी छोटी मोटर). तो जळाला म्हणून नवा बसवला. मैदानात स्टिक हलवली, एलेरॉन हलले, मित्राने विमान हातातून सोडलं. ते डावीकडे झुकलं, मी उजवी स्टिक दिली, तर आणखी डावीकडे! तीन सेकंदांत नाक जमिनीत. नवा सर्व्हो उलट फिरत होता. हलतात एवढंच मी पाहिलं होतं. आता प्रत्येक दुरुस्तीनंतर विमानामागे उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो: उजवी स्टिक, उजवा एलेरॉन वर.

---

माझं विमान बाल्साचं (हलक्या लाकडाचं), दीड मीटर पंखांचं. पूर्ण हिवाळा बांधण्यात गेला होता. उतरताना शेवटच्या वळणावर वेग फार कमी झाला आणि डावा पंख पडला. मी घाबरून एलेरॉन दिला. तिथेच चुकलं. पडत्या पंखाचा एलेरॉन खाली येतो, टोकाचा हवेशी कोन वाढतो, ते टोक आणखी स्टॉल होतं, म्हणजे उचल गमावतं. आधी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) सैल सोडून थ्रॉटल द्यायला हवा होता.
चार रिब (पंखाच्या फासळ्या) मोडल्या, मुख्य दांडा तुटला. मोडलेल्या रिबचे तुकडे कागदावर जुळवून छापा काढला, नव्या कापल्या. दांड्याचा जोड सरळ न ठेवता लांब तिरका कापला, इपॉक्सी लावली, दोन्ही बाजूंनी पातळ प्लायची पट्टी दिली. वरून फिल्म इस्त्रीने ताणली. बोट फिरवलं की जोड अजून लागतो हाताला. मला तो आवडतो.

---

ईपीओचं (दाणेदार, लवचिक फोमचं) नाक चेपलं असेल तर उकळतं पाणी हळूहळू ओता, दाणे फुगून बराच आकार परत येतो. फाटलेलं मात्र चिकटवावंच लागतं. साधा सायनो (झटपट चिकटणारा गोंद) ईपीओवर चालतो; थर्माकोल, डेप्रॉन (फोमचे पातळ तक्ते) तो खातो. तिथे फोम-सेफच वापरा.

---

कृपया लायपोकडे (विमानातली लिथियम-पॉलिमर बॅटरी) दुर्लक्ष करू नका. माझ्या बॅटरीचा फक्त कोपरा दबला होता, गरमही नव्हती. डिकीत ठेवली आणि वीस मिनिटांनी गाडीत धूर. मुलं मागच्या सीटवर होती. आता पडलेल्या विमानाची बॅटरी आधी वाळूच्या लोखंडी बादलीत, गाडीपासून लांब. दबलेला सेल पुन्हा चार्जिंगला कधीच लावत नाही.

---

मुलीने शेपूट स्वतः दुरुस्त केली, भरपूर इपॉक्सी आणि प्लाय लावून. काम पक्कं झालं, पण विमान सोडताच नाक वर करून कोसळलं. घरी वजन केलं तर शेपटीत १८ ग्रॅम वाढले होते. शेपूट तोल-बिंदूपासून ६० सेंमी, नाक २०. म्हणजे नाकात ५४ ग्रॅम हवेत. हे गणित तिनेच मांडलं. मग शिसं न घालता प्लाय काढून कार्बनची बारीक काडी बसवली.

---

आमच्याकडे चहूकडे ऊस. आत पडलेलं विमान दहा फुटांवरूनही दिसत नाही. आम्ही ट्रान्समीटर बंद करतो. फेलसेफला (सिग्नल तुटल्यावर काय व्हावं ती सोय) मोटर बंद राहील असं आधीच लावलेलं असतं. सिग्नल गेला की आमचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीप देतो, त्या आवाजाच्या दिशेने जायचं. गेल्या खेपेला वारा होता, काही ऐकू येईना. शेताचे मालक काका म्हणाले, "थांबा, पाचट वाजेल, तुम्ही येऊ नका," आणि एकटेच सरीतून आत गेले. पंख छातीशी धरून बाहेर आले.