जुनं मातीचं घर पाडायचं हाये, जाणता ठेकेदार कसा ओळखावा?

प्रश्न (दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी, आजोबाच्या हातचं माडीचं मातीचं घर हाये, वर कवेलू (कौलं), आतून सगळं सागवान, पण मागची भिंत फुगली अन् घरात लहान पोरं खेळतात म्हणून पाडायचं ठरवलं. अडचण अशी का उत्तरेकडची भिंत काकाच्या घराशी सामाईक हाये. एक जेसीबीवाला म्हणते एका दिवसात साफ करतो, पैसे नको, लाकूड-कवेलू माझं. दुसरा माणसं लावून आठ-दहा दिवस घेतो म्हणते अन् वरून मजुरीबी मागते. कोणाचं ऐकावं?

उत्तर (अकोट)
भाऊ, फुकट पाडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. ड्रायव्हरनं बकेटचा एक धक्का देल्ला अन् शेजारच्या काकूचा सैपाकाचा ओटा भिंतीपासून चार बोटं सुटला, डब्यायची मांडणी खाली. नशीब काकू आंगणात होत्या. तो संध्याकाळी सागवान भरून गेला तो फोनच उचलेना, भिंत मीच बांधून देल्ली. काकूकडून दिवाळीचं ताट यायचं ते बंद झालं ते अजून बंदच हाये, पैशापेक्षा त्याचंच जास्त लागते.

उत्तर (वर्धा, साइट सुपरवायझर)
जेसीबी आणा पण शेवटी, मलबा भरायला. घर वरून खाली उतरवावं लागते, आधी कवेलू, मग फाटे (कवेलूखालची लाकडं), आढं (छपराचं मधलं मुख्य लाकूड), मग माडीची पाटणी (लाकडी जमीन), मग भिंत थराथरानं. पाडकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक आहे, आयएस 4130, त्यातही वरून खाली, एकेक मजला असंच सांगितलंय. भिंत बुडातून पोखरून आडवी करतो म्हणणाऱ्याला परत पाठवा. माडीवर माती साचू देऊ नका, वजनानं पाटणी बसते. अन् महावितरणला अर्ज देऊन खांबावरून येणारी वायर आधी काढून घ्या, घरातला मेन स्विच बंद केला तरी ती तार जिवंतच असते.
माणूस ओळखायचा तर त्याला घरात उभं करून विचारा, काकाच्या बाजूनं टेकू कुठं देशील? जाणता असला तर बोलायच्या आधी भिंत ठोकून पाहील, आढं कुठं टेकलंय ते पाहील. मग त्यानं पाडलेल्या दोन घरी जा, पण मालकाला नाही, त्याच्या शेजाऱ्याला विचारा.

उत्तर (आर्वी)
दादा, घर आजोबांच्या नावावर असेल तर ग्रामपंचायतीतून नमुना 8 (घराच्या कर आकारणीचा उतारा) काढून पहा, सगळ्या वारसांची सही घ्या, नाहीतर घर पडल्यावर आत्या-काका सगळे उभे राहतात. लाकूड मोजून, खांबांवर खडूनं नंबर टाकून फोटो काढा, जुन्या सागवानाचे पैसे मजुरीतून वळते करता येतात. काकाच्या भिंतीचेही फोटो घ्या, आधीची भेग कोणती ते समजते. मलबा कुठं टाकणार, मजूर पडला तर दवाखाना कोणाचा, शेजाऱ्याचं नुकसान कोण भरणार, हे साध्या कागदावर का होईना लिहून घ्या. अन् पावसाळ्यात हात लावू नका, भिजलेली माती कधी बसेल सांगता येत नाही.

प्रश्नकर्ता
लय आभार सगळ्यायचे. काल काकाले घेऊन भिंतीजवळ उभं राह्यलो. काका म्हणे ते भिंत पाडायचीच कायले, तशीच राहू दे, वरून पत्रा टाकू अन् तुह्या बाजूनं पावसाच्या आधी लिपून घेऊ. जेसीबीवाल्याले नाही म्हणलं. दुसऱ्याले उद्या बलावलं हाये, टेकूचं इचारतो.