सोसायटी ग्रुप: हळदीची पाकिटं घेऊन एकटीच दिल्लीला

सचिव (बी-१०३), संध्या. ६:४०
उद्या सकाळी ९ ते १२ वरची टाकी धुणार आहेत. पाणी आजच भरून ठेवा. मग मला फोन करून "पाणी का नाही" विचारू नका.

मेघनाताई (ए-२०३)
सचिव, ठीक. विषयांतर करते, रागावू नका. आमची तन्वी पुढच्या मंगळवारी कंपनीच्या कामासाठी दिल्लीला चाललीय. पहिल्यांदाच एकटी. गुरगावात दोन मीटिंगा आहेत. अश्विनी, तू गेल्या महिन्यात तुझी हळद विकायला जाऊन आलीस ना? काय काय बघायचं सांग की जरा.

बँकवाले काका (ए-१०२)
एकटीला कशाला पाठवता? कंपनीत दुसरं कुणी नाही का सोबतीला?

सुलभाकाकू (बी-२०४)
तुम्ही ७८ साली बदलीवर नांदेडला गेलात तेव्हा कोण होतं हो सोबतीला? 😄

बँकवाले काका
तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

सुलभाकाकू
वेगळी म्हणजे काय, तुम्ही दोन महिने खिचडी खाल्लीत आणि तिसऱ्या महिन्यात वहिनींना बोलावून घेतलंत. अश्विनी, तू सांग गं.

अश्विनी (ए-३०१), संध्या. ७:२५
सांगते ताई, पण लांबेल हं. कुकर लावून बसलेय.

आधी माझा मूर्खपणा. मी शुक्रवारी रात्री मिरजेहून गोवा एक्सप्रेस धरली. हिशेब असा, की शनिवार गाडीत जाईल, रविवारी सकाळी निजामुद्दीनला उतरायचं आणि अंघोळ करून थेट बाजार गाठायचा. दोन रात्री गाडीत काढून उतरले आणि हॉटेलच्या पोराला विचारलं, खारी बावलीला, म्हणजे चांदनी चौकातल्या मसाल्याच्या घाऊक बाजाराला, कसं जायचं. तो म्हणाला, "मॅडम, आज तो संडे है. पूरा चांदनी चौक बंद."

आठ महिने तयारी केली. लेबल छापलं, नमुने काढले, दर काढले. बाजाराची सुट्टी कधी, हे मात्र कुणाला विचारलं नाही. आपल्या मार्केट यार्डाची सुट्टी तोंडपाठ आहे, तिथलीही तशीच आपल्याला ठाऊक असणार असं डोक्यात बसलं होतं बहुतेक.

रोहन (बी-१०१)
दिल्लीत प्रत्येक बाजाराचा वार वेगळा. करोलबाग, सरोजिनीनगर सोमवारी बंद, चांदनी चौक रविवारी. आणि घाऊकची दुकानं ११ शिवाय उघडत नाहीत. ९ ला जाऊन उभं राहिलात तर झाडू मारणारा भेटतो फक्त.

अश्विनी
हे तू मला आधी सांगायचंस!

रोहन
तुम्ही विचारलंत कुठं वहिनी 🙈

मेघनाताई
मग रविवारी केलंस काय?

अश्विनी
कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात जाऊन जेवले. दोन रात्री गाडीतल्या डब्यावर काढल्यावर समोर भाकरी आली ना, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. तन्वीला सांगा, तिथं राहायची खोली सहज मिळत नाही पण जेवायला जाता येतं.

आता दुसरी चूक, ही मोठी. हॉटेल मी फोटो बघून घेतलं. महिपालपूरला, विमानतळाजवळ. स्वस्त, नवं, पांढऱ्याशुभ्र चादरी. काम कुठं, तर जुन्या दिल्लीत. सोमवारी साडेनऊला टॅक्सी केली, दीड तासानं लाल किल्ल्यापाशी पोचले. तिथं ड्रायव्हरनं उतरवलंच, कारण सकाळी ९ ते रात्री ९ चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर मोटारगाड्यांना बंदी आहे. पुढं फतेहपुरी मशिदीपर्यंत सायकलरिक्षा. रिक्षात बसून बघते तर कुर्त्याच्या डाव्या बाजूला हा एवढा पिवळा डाग.

सुलभाकाकू
अगं बाई!

अश्विनी
बॅगेत पाव किलोचं पाकीट फुटलं होतं. गाडीत वरच्या बर्थवर कुणीतरी आपली ट्रंक माझ्या बॅगेवर ठेवली होती, तेव्हाच. पॅकिंग माझं स्वतःचं, सील माझ्याच मशीनचं. रुमालानं पुसायला गेले तर आणखी पसरलं. हळदीवर पाणी लावायचं नसतं हे मला, हळदीच्या धंद्यातल्या बाईला, आठवलं नाही.

रोहन
वहिनींना दुसऱ्यांदा हळद लागली 😂

सुलभाकाकू
आणि नवरदेव सांगलीत झोपलाय 😂😂

बँकवाले काका
काय हा पोरकटपणा. पुढं काय झालं ते सांगू द्या तिला.

अश्विनी
काका, गंमत म्हणजे त्या डागानंच काम सोपं केलं. पहिल्याच दुकानातले म्हातारे सेठ माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "रंग तो पक्का है आपका."

मग त्यांनी पूड चिमटीत घेतली, तळहातावर अंगठ्यानं रगडली, वर दोन थेंब पाणी टाकलं आणि झटकून टाकली. हात किती पिवळा राहतो ते उजेडात धरून बघितलं. हळकुंड घेऊन मोडलं, आतला नारिंगी रंग बघितला, वास घेतला. एक शब्द नाही बोलले. मी आपली घडाघडा बोलतेय, सांगलीची हळद, २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, आमच्याकडं हरिपूरला हळद साठवायला जमिनीखाली पेवं असायची, वगैरे. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर "करक्यूमिन कितना?" म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक किती टक्के.

माझ्याकडं लॅबचा रिपोर्ट नव्हता. घरी होता. फाईलमध्ये. फ्रिजवर.

सीए दादा (सी-३०३)
अरेरे.

अश्विनी
घरी फोन केला, ह्यांनी फोटो काढून पाठवला. तो तिरका, त्यात निम्म्या पानावर ट्यूबलाईटची चमक. सेठना चष्म्यातून दिसेना, त्यांच्या मुलानं फोन हातात घेऊन मोठा करून वाचला. तन्वीचं काम वेगळं आहे, पण एवढं सांगा, जे कागद लागणार असतील त्यांची पीडीएफ फोनमध्ये आणि एकेक छापील प्रत पर्समध्ये. समोरचा माणूस ५५ च्या पुढचा असेल तर त्याला कागद हातात हवा असतो.

सुलभाकाकू
बाजार कसा आहे गं? मी कधी बघितला नाही.

अश्विनी
काकू, रस्त्यावर पाय ठेवल्या ठेवल्या शिंक. सुक्या मिरचीचे ढीग, लवंग, तमालपत्राची पोती, सुकामेवा. पल्लेदार पाठीवर पोतं घेऊन वाकून पळत येतात, "बचके, बचके" ओरडत. आपण बाजूला व्हायचं, ते थांबत नाहीत. गडोदिया मार्केटमध्ये जिना चढताना मला एवढा ठसका लागला की एका मुलानं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली. तिथं सगळेच खोकतात, कुणाला काही वाटत नाही. बेदाण्याच्या दुकानात आपल्या तासगावची पेटी दिसली, उगाचच हात लावून आले.

बँकवाले काका
ऑर्डर मिळाली का नाही?

अश्विनी
मिळाली. २०० किलो, २४० रुपये दरानं. सेठ म्हणाले, माल पाठवा, पेमेंट महिन्याभरात. मी मान डोलावली. डोकं दुखत होतं, नाकातून मिरची जात नव्हती, वाटलं झालं एकदाचं. चहा घेतला आणि उठले.

सीए दादा
आणि लिहून काहीच घेतलं नाहीस.

अश्विनी
नाही दादा.

सीए दादा, रात्री ८:०५
हे ग्रुपवरच सांगतो, इथं आणखी दोघा-तिघांचे छोटे उद्योग आहेत.

अश्विनीची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे आणि ती हळद स्वतः दळते, म्हणजे उत्पादक. सूक्ष्म-लघु उद्योगाकडून माल घेतला की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२३-२४ पासून आयकरातही आलंय. मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही रक्कम थकलेलीच असेल, तर खरेदीदाराला ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम नंबर ठळक छापायचा. भांडायला लागत नाही, त्यांचा सीएच त्यांना सांगतो. नुसत्या व्यापाऱ्याला मात्र हे लागू नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरं. २०० गुणिले २४० म्हणजे ४८,०००. तुला वाटलं ५० हजारांच्या आत आहे, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) नको. त्यावर ५ टक्के जीएसटी धर. ५०,४००. राज्याबाहेर माल चाललाय आणि ५० हजारांचा हिशेब कर धरून होतो. ई-वे बिल लागतं.

अश्विनी
ते ट्रान्सपोर्टवाल्यानंच अडवलं तेव्हा कळलं. तुम्हाला रात्री साडेनऊला फोन केला होता, आठवतंय?

सीए दादा
आठवतंय. जेवत होतो. आणि हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी वजा मागितला होतास, तोही मिळत नाही. तिथला कर दिल्लीच्या खात्यात जातो, तुझी नोंदणी महाराष्ट्रातली. तन्वीच्या कंपनीला हे माहीत असेल.

मेघनाताई
बापरे, हे तिला काही लागणार नाही. पण राहायचं कुठं सांग.

अश्विनी
ताई, काम गुरगावात आहे ना? मग तिथंच बघा, नाहीतर मेट्रोच्या पिवळ्या लाइनवर कुठंही. मी दुसऱ्याच दिवशी महिपालपूर सोडलं, एका रात्रीचे पैसे गेले ते गेले, आणि करोलबागला आले. तिथून राजीव चौकात गाडी बदलली की पुढं नवी दिल्ली, चावडी बाजार, चांदनी चौक. तीन स्टेशनं. सोमवारी दीड तास टॅक्सीत बसले होते ते आठवून मंगळवारी स्वतःचाच राग आला. मेट्रोचा पुढचा पहिला डबा बायकांचा असतो, फलाटावर गुलाबी पाटी असते तिथं उभं राहायचं.

आणि तिकीट फोनवर काढू नको म्हणावं, कार्ड घे. माझा फोन बाहेर पडायच्या गेटपाशी बंद पडला. क्यूआर फोनच्या पोटात, मी गेटच्या आत. खिडकीवरच्या बाईंनी चार्जर दिला, दहा मिनिटं तिथं उभी राहिले. पत्ता फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, ह्यांचा नंबरसुद्धा पाठ नाही. त्या रात्री एका वहीच्या पानावर चार नंबर आणि हॉटेलचा पत्ता लिहून, त्यात ५०० च्या दोन नोटा गुंडाळून कुर्त्याच्या खिशात ठेवल्या.

सुलभाकाकू
आम्ही पूर्वी पोलक्यात ठेवायचो तेच की हे.

रोहन
स्टेशनवर दलाल भेटले का?

अश्विनी
भेटला ना. निजामुद्दीनलाच. "मॅडम, मेट्रो आज बंद है, हॉटेल का बुकिंग भी कैंसल हो गया होगा, चलिए ऑफिस में चेक करा देता हूँ." एवढ्या काळजीनं बोलत होता की मी दोन पावलं गेले त्याच्यामागं. मग वाटलं, माझं हॉटेल कुठलं हे ह्याला कसं माहीत? विचारलं तर गायब.

मेघनाताई
हे वाचून मला धडधडायला लागलंय.

अश्विनी
नाही हो ताई, घाबरायचं नाही. हॉटेलात मात्र एक करायला सांगा. काउंटरवरचा पोरगा चावी देताना खोलीचा नंबर सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायला लागला तर दुसरी खोली मागायची आणि नंबर कागदावर लिहून घ्यायचा. मला संकोच वाटला होता मागताना. त्यानं काही न बोलता बदलून दिली.

बँकवाले काका
हे चांगलं केलंस.

अश्विनी
काका, थँक्यू 🙏 आणि शेवटचं, विमान. येताना पुण्याचं तिकीट काढलं होतं. एअरपोर्ट मेट्रो धरून ऐटीत टर्मिनल ३ ला उतरले. दारातल्या जवानानं तिकीट बघितलं, म्हणाला, "टी-वन." मला वाटलं शेजारची इमारत असेल. टॅक्सी करून जावं लागलं! टर्मिनल १ च्या मेट्रोची लाइनसुद्धा वेगळी. काउंटर बंद व्हायला चार-पाच मिनिटं असताना पोचले. केसांत हळद, कुर्ता पिवळा, पळतेय. समोरची मुलगी म्हणाली, "मॅम, शादी से आ रहे हो?"

सुलभाकाकू
😂😂😂

तन्वी (ए-२०३), रात्री ८:५०
काकू, आईनं फोन दिला, सगळं वाचलं. माझंही टी-१ आहे, मी टी-३ समजत होते! लिहून घेतलं. तुमच्या त्या सेठनी पैसे दिले का?

अश्विनी
निम्मे आले गं. बाकीचे "कल परसों" चाललंय, आज ३८ वा दिवस.

तन्वी
गुरुवारी माझी दुपार मोकळी आहे. पिवळी लाइनच आहे ना? जाऊन येते मी. सीए काका, ते १५ दिवसांचं एका कागदावर लिहून द्याल?

सीए दादा
उद्या सकाळी देतो. टाकी धुऊन झाल्यावर ये.

बँकवाले काका
मेघना, पोरगी बँकेत घ्यायला हवी होती. वसुलीला.

अश्विनी
तन्वी, नवीन नमुन्याची दोन पाकिटंही देते. यावेळी स्टीलच्या डब्यात. तू पांढरं काही घालू नकोस.

सचिव, रात्री ९:१०
टाकी ९ वाजता. पाणी भरलंत का सगळ्यांनी?