अनुभव धागा: वकिली सोडून पोटापाण्याला काय लागलात?

भिजपाऊस

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप फोटोंनी ओसंडून वाहायला लागला. सगळे गळ्यात पांढरे बँड लावून, गाऊन घालून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीपुढं उभे. कसबा बावड्याला नवीन इमारत व्हायच्या आधी जिल्हा कोर्ट तिथंच होतं. ज्या इमारतीच्या जिन्यात बसून मी डबा खायचे तिथं आता हायकोर्ट बसतं! आनंदच झाला, पण पोटात काहीतरी हललं पण.

आमच्या घरात कोणी वकील नाही. वडील एसटीत कंडक्टर. सनद (वकिलीचा परवाना) मिळाली तेव्हा त्यांनी डेपोत पेढे वाटले. पुढची दोन-अडीच वर्षं मी काय केलं तर बोर्ड बघणं, पुकारा झाला की "सर दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणणं, मुदतीचे अर्ज लिहिणं, नक्कल विभागात उभं राहणं. पैसे? दिवाळीला एक पाकीट. विचारलं तर, "शिकायला मिळतंय ना?" पक्षकार मला बघून विचारणार, "मॅडम, वकीलसाहेब कधी येणार?" कोट घातलेला दिसत असून!

एक काम मात्र ऑफिसात कोणालाच नको असायचं. केस वर मुंबईला गेली की खालचा सगळा मराठी रेकॉर्ड इंग्रजीत करून जोडावा लागतो. साक्षी, उलटतपास, सातबारा, फेरफार, पंचनामे. ते सगळं माझ्या टेबलावर यायचं, अर्थात फुकट. एकदा मुंबईच्या एका वकीलबाईंनी फोन करून विचारलं, हे भाषांतर कोणी केलंय? पुढचं काम त्यांनी थेट मला पाठवलं आणि पानामागं पैसे दिले. माझी वकिलीची पहिली खरी कमाई ती, आणि ती वकिलीची नव्हतीच.

आता घरी बसून हेच करते. सोबत दोन मुली आहेत, मोडी वाचणारे एक रिटायर्ड गुरुजी आहेत. बेंच आल्यापासून तर श्वास घ्यायला फुरसत नाही. म्हणजे ज्या ग्रुपमधल्या फोटोत मी नाही, त्यातल्या निम्म्यांच्या फायली माझ्याकडं आहेत :)

तुम्ही लिहा. सोडताना घरी काय सांगितलंत आणि पहिला पैसा कुठून आला, तेवढं जरूर लिहा. उपदेश नको.

चहाटळ

मी वकील नाही. नवरा वकील होता. (म्हणजे वकील होता, नवरा अजून आहे.)

आता शाळांच्या सहली काढतो. रायगड, अजिंठा, वगैरे. बसमालकाशी करार असा लिहितो की बस बंद पडली तर मालक रडतो. सासूबाई अजून पाहुण्यांना "आमचा मुलगा वकील आहे" असंच सांगतात. कुकर झाला, नंतर लिहिते.

ऑरेंज_बर्फी

नागपूर. मे महिना. काळा कोट. बाकी काय सांगू भाऊ.

उन्हाळ्यात हायकोर्ट-सुप्रीम कोर्ट सोडून बाकी कोर्टांत कोटाची सक्ती नाही, बार कौन्सिलच्या नियमातच आहे. पण आमचे सिनियर म्हणत, "कोट काढला का पक्षकार फी काढत नाही." मला तशीही फी कोण देत होतं.

जेएमएफसीचा, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जजच्या परीक्षेचा अभ्यास केला. २००२ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं तीन वर्षं प्रॅक्टिसची अट निघाली होती, म्हणून आमच्या काळात पोरं लॉ झाल्या झाल्या क्लासच लावायची. मेन्सपर्यंत गेलो, पुढं नाही. आता मे २०२५ ला तीच अट परत आलीय. आजच्या पोरांचं कसं व्हायचं देव जाणे, तीन वर्षं खायचं काय?

मी शेवटी आयबीपीएसमधून (बँकभरतीची परीक्षा) बँकेत लॉ ऑफिसर झालो. तिथं सनद लागतेच, म्हणजे तेवढी तरी कामी आली. दिवसभर टायटल रिपोर्ट (मालमत्तेच्या मालकीचे अहवाल) वाचा, सरफेसीच्या (थकीत कर्जवसुलीचा कायदा) ६० दिवसांच्या नोटिसा काढा, नाही भरले पैसे तर ताब्यासाठी कलेक्टरकडे अर्ज. गंमत नाही, पण १ तारखेला पगार आहे. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "चला, लग्न जमल." जमलंही.

पॅनलवरचे वकील बिलं घेऊन येतात ना, ती मी त्याच आठवड्यात पास करतो. आपल्याला लोकांनी काय केलं ते आठवते.

लिंबूटिंबू

वाचतेय. बर्फीभाऊ, शेवटच्या ओळीसाठी _/\_

झेरॉक्सवाला

तालुका कोर्टासमोर आपलं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, आता ई-फायलिंग. एलएलबी मी पण आहे, फर्स्ट क्लास. भिंतीवर डिग्री लावलेली नाही कारण लावली की लोक फुकट सल्ला मागतात, त्यापेक्षा लॅमिनेशनचे दर लावलेत.

मी वर्षभर बार रूममध्ये बसलो. तालुक्याला काय असतं, वाटपाचे दावे आणि बांधावरून मारामाऱ्या. आडनाव बघून वकील करतात लोक. आपलं आडनाव कोणाच्या कामाचं नाही. एक दिवस समोरचा टायपिस्ट म्हणाला गावी जातोय, मशीन घेतोस का. घेतलं. मामांकडून उसने पैसे. त्या महिन्यात जेवढे मिळाले तेवढे बार रूमच्या वर्षात नव्हते मिळाले.

आता तेच वकील मित्र येतात, "दावा बघ रे जरा, प्रार्थना कलम (कोर्टाकडं काय मागायचं ते) बरोबर आलंय का." बघून देतो. टायपिंगचेच पैसे घेतो, अकलेचे सोडून देतो.

अवांतर: १०० चा स्टँप गेला, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा. तेव्हापासून रोज एक भांडण ठरलेलं. आणि सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप लागतच नाही हे सांगून सांगून घसा बसला. कोणी ऐकत नाही. "असू दे, लावा एक, बरं दिसतं."

चहाटळ

"अकलेचे सोडून देतो" =)) =))

काठावर_पास

मी अजून सोडली नाहीये. सोडायच्या काठावर आहे म्हणून सगळं वाचून काढलं. पुण्यात आहे, मूळ गाव परभणी जिल्ह्यात. सिनियर चांगले आहेत, शिवीगाळ नाही, शिकवतात पण. महिन्याला ४ हजार देतात. माझ्या कॉटबेसिसचं भाडंच त्याच्यापेक्षा जास्त आहे. घरून पैसे मागवायचे आणि घरी सांगायचं की जम बसतोय.

ऑक्टोबर २०२४ ला बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलं होतं, ज्युनियरला शहरात किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. "द्यावेत", द्यायलाच पाहिजेत असं नाही. मी ते सरांना फॉरवर्ड केलं. सरांनी थम्सअप पाठवला.

प्रश्न आहे. एका कंपनीत काँट्रॅक्ट ड्राफ्टिंगची नोकरी मिळतेय. सनद परत करावी लागते का? आणि केली की परत मिळते का? सरांना विचारू शकत नाही हे तुम्हाला कळलंच असेल.

जुना_खोंड

वाचून वाईट वाटले. बरे-वाईट दोन्ही. मी चाळीसहून अधिक वर्षे याच व्यवसायात आहे. पहिली दहा वर्षे कोणालाच मिळत नव्हते हो, आम्ही सायकलवरून कोर्टात जात होतो. आताच्या मुलांना धीर नाही असे म्हणणार होतो, पण ४ हजारांचे वाचून थांबलो. आम्हाला राहायला घर होते, आईच्या हातचे जेवण होते, हे विसरून बोलणे बरे नव्हे.

एक सांगतो. बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात मामीबाईंच्या केसमध्ये उभे राहिले, ३० रुपये फी. उलटतपासाची वेळ आली आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, फी परत केली. मग एका शाळेत इंग्रजी शिकवण्याची ७५ रुपयांची नोकरी मागायला गेले, तर पदवीधर नाही म्हणून तीही मिळाली नाही. राजकोटला परत जाऊन लोकांचे अर्ज लिहू लागले आणि त्यातून महिना सरासरी ३०० मिळू लागले. म्हणजे झेरॉक्सवाले, तुम्ही चांगल्या रांगेत आहात.

चहाटळ

काका, वकिलीच्या धाग्यावर गांधी किती वाजता येतील याची मी वाटच बघत होते. आता पुढचं पण सांगा, १८९३ ला आफ्रिकेला गेले. काठावर_पासने पण तिकीट काढायचं का?

जुना_खोंड

काढायला हरकत नाही. तिथेही आधी हिशेबाच्या वह्याच वाचाव्या लागल्या त्यांना.

भिजपाऊस

काठावर_पास, तुझ्या प्रश्नाचं आधी. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९. नोकरी लागली की राज्य बार कौन्सिलला कळवायचं आणि सनद स्थगित करून घ्यायची. स्थगित! परत देणं नाही, फाडणं नाही. नोकरी सोडलीस की अर्ज करून पुन्हा चालू करता येते. लपवून दोन्ही करू नको, तेवढं मात्र महागात पडतं.

माझी सनद चालूच आहे कारण मी कुणाच्या नोकरीत नाही.

आणि घरी खरं सांग रे. माझ्या वडिलांना मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मला वाटलंच होतं, तू डबा तसाच परत आणायचीस."

काठावर_पास

थँक्यू ताई. नियम ४९ वाचतो. डब्याचं वाचून... असो.

मेपल_आणि_मोदक

टोरोंटोजवळ. इथं रात्र आहे, बाळ झोपलंय, एका हाताने टाइप करतेय तर चुका पोटात घाला.

ठाण्याला ४ वर्षं प्रॅक्टिस, बरीचशी चेक बाउन्स. त्या कलम १३८ च्या नोटिसा झोपेत लिहू शकेन. लग्न करून इथं आले तर कळलं की आपली सनद म्हणजे इथं कागद. भारतातल्या वकिलाला आधी एनसीएच्या (परदेशी लॉ पदवीवाल्यांसाठीच्या) परीक्षा, मग बारच्या परीक्षा, मग आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. मी एनसीए सुरू केलं होतं. फी बघून झोप उडायची. मग कोणीतरी सांगितलं की ओंटारिओत पॅरालीगलला स्वतःचं लायसन्स असतं, लॉ सोसायटीच देते, छोटे दावे आणि भाडेकरू-मालकांचे वाद स्वतः चालवता येतात. कॉलेजचा कोर्स केला.

आता घरमालक-भाडेकरूंच्या सुनावण्या करते, बहुतेक व्हिडिओवर. पहिली सुनावणी झाली तेव्हा समोरचे अधिकारी मला नावानं हाक मारून "तुमचं म्हणणं पूर्ण झालं का" म्हणाले. ठाण्यात मला कधी कोणी बोलणं पूर्ण करू दिलं होतं आठवत नाही. खूप रडले नंतर. जेट लॅग म्हणू या.

इकडच्या मैत्रिणींना वाटतं मी "डाउनग्रेड" झाले. पटत नाही मला ते. पण एनसीएचं पुस्तक टाकून दिलेलं नाही, खरं सांगायचं तर.

लिंबूटिंबू

मेपल, बाळाला किती महिने? दात यायला लागले असतील तर रात्री जरा चोळ हिरड्या.

मेपल_आणि_मोदक

सात! हो येतायत :(

सुशेगाद_नाही

म्हापशाचा मी. आमच्याकडं गोव्यात वारसांच्या वाटणीची इन्व्हेंटरी प्रोसिडिंग असते, मुंबईवाल्यांना कळत नाही. एका घराचे वारस पोर्तुगालात, बहरीनला, एक आजी बोरिवलीत. सगळ्यांना समन्स पोचेपर्यंत माझी तरुणाई गेली.

त्यात जुने जन्मदाखले, पोर्तुगीज काळची पानं वाचायची सवय लागली. आता कोर्टात जात नाही. १९६१ च्या आधी जन्मलेल्या आजी-आजोबांचे दाखले शोधून त्यांच्या नातवंडांना पोर्तुगालच्या नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी कागद जुळवून देतो. नातवंडं लंडनला... नाही, ब्रेक्झिटनंतर आता इतर कुठंतरी जातात. मी इथंच. लोकांना पाठवून स्वतः राहिलेला माणूस :D

भिजपाऊसताई, पोर्तुगीजमधून इंग्रजीचं काम आलं तर कळवा हां.

भिजपाऊस

नक्की! सावंतवाडीकडची एक फाइल आहेच, निरोप पाठवते.

पुरणपोळी_२

सर्वांचे अनुभव छान. इथे इतके जाणकार आहेत तर जाता जाता एक विचारू का. आमच्या मोठ्या दिरांना त्यांचा फ्लॅट आमच्या ह्यांना द्यायचा आहे, बक्षीसपत्र करून. २०० रुपयांत होतं म्हणे. खरं का? धाग्याचा विषय नाही माहीत आहे, सॉरी.

ऑरेंज_बर्फी

आला, आला, फुकट सल्ला आला! मी म्हटलंच होतं अजून कसा आला नाही.

झेरॉक्सवाला

ताई, २०० वाली सवलत राहत्या घराला किंवा शेतीला, आणि ती पण नवरा-बायको, मुलं, नातवंडं, मेलेल्या मुलाची बायको यांना दिलं तर. भाऊ त्या यादीत नाही. भावाला बाजारभावावर टक्क्यांनी मुद्रांक लागेल. आणि नोंदणी करावीच लागते, दोन साक्षीदार. सोसायटीला पण कळवा.

पुरणपोळी_२

पण दीर म्हणतात त्यांच्या मित्राचं २०० मध्ये झालं.

झेरॉक्सवाला

मित्रानं मुलाला दिलं असणार.

पुरणपोळी_२

विचारते. मग दिरांनी आधी त्यांच्या मुलाला दिलं २०० मध्ये, आणि त्यानं ह्यांना, तर?

ऑरेंज_बर्फी

वहिनी, पुतण्या काकाला फ्लॅट देईल असं वाटते तुम्हाला?

चहाटळ

=)) वहिनी, वकील करा. काठावर_पास रिकामा आहे.

काठावर_पास

फी आगाऊ.