कुकीची पाटी काढून टाका, नकारच गृहीत धरा

रानवारा (धागाकर्ती)
कुठलीही बातमी उघडा, आधी 'आम्ही कुकीज वापरतो' ही पाटी. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. 'स्वीकारा' ठळक रंगात आणि नकार सेटिंग्जच्या आत कुठेतरी दडवलेला. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोकला तो याचसाठी: होकार एका क्लिकवर, नकाराला मात्र अनेक क्लिक. वैतागून दाबलेल्या बटणाला संमती म्हणायचं का? कायद्याने नकारच धरून चालावं. ज्याला आपला माग काढून घ्यायचा आहे, त्याने ब्राउझरमध्ये जाऊन तसं सांगावं.

पानसुपारी
साफ असहमत. मी पाककृतींची छोटी साइट चालवतो. सर्व्हरचं भाडं जाहिरातींतून निघतं, आणि वाचक कोण हे कळलं नाही की त्याच जाहिरातीला भाव कमी मिळतो. वर्गणी मागितली की हेच वाचक पसार! फुकट वाचायचंय, वर ओळखही द्यायची नाही.

खटपट्या
दोघंही एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी धरून भांडताय. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी काढली, ती साइटला तुमची आठवण राहावी म्हणून. ती नसेल तर पुढच्या पानावर गेलात की लॉगिन गायब, टोपली रिकामी. ती राहू द्या की. दुखणं आहे ते थर्ड पार्टी कुकीचं, म्हणजे ज्या कंपनीच्या साइटवर तुम्ही गेलाच नाहीत तिने तुमचा माग काढायला ठेवलेली. ॲपलचा सफारी ब्राउझर २०२० पासून ती आपणहून अडवतो. गूगलनेही आपल्या क्रोम ब्राउझरमधून ती काढण्याची घोषणा त्याच वर्षी केली, मुदती पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये शब्द फिरवला. ब्राउझर आणि जाहिरातींचं दुकान एकाच मालकाचं असल्यावर दुसरं काय होणार?

बिनधास्त_बंडू
कुकी निदान पुसता तरी येते हो. दुकानात बिलाच्या वेळी 'मोबाइल नंबर सांगा' म्हटलं की आपण पोपटासारखे दहा आकडे म्हणतो. नंबर कसा पुसणार? कुकी बंद केलीत की साइटवाले लॉगिनची सक्ती करतील, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

रानवारा
@बंडू, म्हणून हेही सोडायचं? आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कुकी हा शब्द नाही, पण संमती मुक्त, विनाअट आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी असं आहे. सूचना मराठीतही मिळण्याची सोय आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मात्र संमतीची कलमं लागू व्हायला तिथून १८ महिने. तोवर आनंदच.
@पानसुपारी, दिवाळी अंक वर्षानुवर्षं जाहिरातींवर चालले. अंक कोण वाचतंय, रात्री किती वाजता वाचतंय, हे कुणी विचारलं होतं? पुरणपोळीच्या पानावर तुपाची जाहिरात लावायला माझा माग कशाला हवा?

पानसुपारी
अंकाला जाहिरात द्यायला गावचा सराफ, साडीवाला स्वतः यायचा. आता त्याचेही पैसे थेट गूगल-फेसबुककडे जातात. त्याला माझ्या दारात आणून द्या, मी उद्या कुकी काढतो.