मस्कतच्या उन्हात नऊवारी चालेल का? कपड्यांविषयी सल्ला हवा

मलप्रभाकाठची (खानापूर)
नमस्कार. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त ओमानमध्ये मस्कतला असतात. येत्या एप्रिलमध्ये सासूबाई, मी आणि माझी कॉलेजात शिकणारी मुलगी अशा तिघी त्यांच्याकडे तीन आठवडे राहायला जाणार आहोत. सासूबाईंनी लग्नापासून आजवर नऊवारीखेरीज काही नेसलेले नाही. परक्या मुलखात आपल्याकडे कोणी बोट दाखवू नये, याची त्यांना फार काळजी वाटते. मुलीचे म्हणणे उलट आहे. चाळीस अंशांच्या उन्हात अंगभर कपडे घातले तर जीव कासावीस होईल, असे तिला वाटते. तेथे डोके झाकावेच लागते का, आणि कपडे कोणत्या कापडाचे शिवून घ्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शहापूरची लेक
ताई, मी मस्कतला आठ वर्षे राहिले आहे, त्यामुळे साडीबद्दल निःशंक राहा. त्या शहरात भारतीय व्यापारी पिढ्यान्पिढ्या वसलेले आहेत, जुने शिवमंदिरही आहे, आणि साडी नेसलेल्या बायका तेथे रोज दिसतात. रस्त्यावर डोके झाकण्याची आपल्याला सक्ती नाही. खांदे आणि गुडघे मात्र झाकलेले असावेत, म्हणून लेकीने बिनबाह्यांचे कुर्ते आणि शॉर्ट्स घरीच ठेवावेत.

खरा प्रश्न येतो तो सुलतान काबूस मशीद पाहायला जाताना. २००१ साली उघडलेली ही मशीद इतर धर्मीयांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ या वेळेत पाहता येते, पण बायकांचे केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले असावे लागतात. नऊवारीचा काष्टा मागून पोटरीवर चढतो आणि पोलक्याची बाही कोपरापाशीच संपते, त्यामुळे तेवढ्यापुरता वरून पायघोळ झगा हवा. मी स्वतः एकदा अशाच एका मशिदीच्या दाराशी पाऊण बाहीच्या ड्रेसमध्ये पोहोचले आणि मला अबाया, म्हणजे अंगभर पायघोळ झगा, भाड्याने घ्यावा लागला. तो पॉलिस्टरचा होता, आणि तासाभरात माझ्या पाठीवर घामोळ्या उठल्या. म्हणून झगा आपलाच, सुती असावा.

वडगावचा कारागीर
माझा शिवणकामाचा व्यवसाय आहे, म्हणून मुलीच्या शंकेबद्दल लिहितो. आपल्या तालुक्यांत भांगलणीला जाणाऱ्या बायका साडीवर घरच्या पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला टॉवेल गुंडाळतात. तो केवळ लाजेपोटी नसतो. ऊन थेट कातडीवर पडले नाही म्हणजे अंग भाजत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. कपडा अंगाला चिकटला की उकडते, सैल असला की आतून हवा खेळते. त्यामुळे किती अंग झाकले यापेक्षा कपडा किती सैल आहे, याला माझ्या मते जास्त महत्त्व आहे. काखेत चौबगला (जोडाचा चौकोनी तुकडा) घालून घ्या, म्हणजे हात वर केला तरी बाही ओढली जात नाही. कापड मलमल किंवा पातळ खादी घ्या आणि शिवण्यापूर्वी दोनदा धुवा, कारण खळ असेपर्यंत ते घाम नीट टिपत नाही. पांढरे मलमल उन्हात आरपार दिसते, तेव्हा फिका रंग निवडा किंवा फक्त पुढेमागे सुती अस्तर लावा. बाह्यांना अस्तर नको. आतला परकर साटीनचा असेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

निपाणीकर
कारागीरदादांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावरचा एक अभ्यास १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला होता. काळा झगा जास्त ऊन शोषत असला तरी ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते, असे त्यात दिसले. पण ती कोरडी हवा. मस्कत समुद्रकाठी आहे, तेथे दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून कापडाचा पातळपणा तेथे अधिक मोलाचा ठरतो आणि दुपारचे फिरणे टाळलेलेच बरे. मी सौदी अरेबियात दम्मामला होतो. सौदीत २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाल्यापासून परदेशी बायकांना अबायाची सक्ती राहिलेली नाही, अंगभर सैल कपडे पुरतात. पुरुषांनीही मशिदीत हाफ पँट घालू नये, हे दिरांना सांगावे लागणार नाही, पण बरोबर कोणी पाहुणे असतील तर सांगा. आणि मॉलमधील एसी फार थंड असतो, सासूबाईंसाठी एक शाल पिशवीत असू द्या.

मलप्रभाकाठची (खानापूर)
सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तरे वाचून दाखवली तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत, उठल्या आणि पेटीतून मामंजींचा पांढरा सुती शर्ट काढून नऊवारीवर घालून पाहिला. बाह्या बरोबर मनगटापर्यंत येतात. कारागीरदादा, त्याच मापाने पायघोळ झगा शिवायचा झाल्यास पन्हा किती असलेले, किती मीटर कापड घ्यावे?