मदत हवी आहे: जांभ्याच्या घरातील वाळवी आणि जवळची विहीर
रत्नागिरीजवळच्या आमच्या जांभ्याच्या घरात माजघराच्या चौकटीवर जमिनीपासून वर चढणाऱ्या मातीच्या नळ्या दिसल्या. लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजते, पण खाली भुसा पडत नाही, त्यामुळे हा लाकूड पोखरणारा भुंगा नसून वाळवीच आहे. नळ्या दोनदा खरवडून रॉकेल लावले, तरी आठवड्याभरात त्या शेजारीच पुन्हा उभ्या राहिल्या (वारूळ जमिनीखाली असताना दुसरे काय होणार!). चौकट बदलण्याची तयारी आहे. पायालगत भोके पाडून इमिडाक्लोप्रिड हे वाळवीनाशक औषध सोडण्याचा सल्ला मिळाला आहे. मात्र पिण्याच्या पाण्याची विहीर भिंतीपासून जेमतेम १२ फुटांवर आहे आणि जांभ्यातून पाणी सहज झिरपते. विहिरीकडील बाजू वगळून औषध सोडल्यास पुरेसे ठरेल का, की मातीत औषध न सोडता वाळवीसाठी विषारी आमिषाच्या पेट्या पुरण्याचा उपाय कोकणात कोणी यशस्वीपणे केला आहे?